गच्चीवरच्या भाज्यांना लघवी घातली तर चालेल का? सोनखताबद्दलही विचारायचं आहे

मृण्मयी_मुलुंड:

नमस्कार मंडळी. मुलुंड पूर्वेला आमच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर कापलेल्या निळ्या ड्रममध्ये मी भाज्या लावते. अळू, मिरची, वांगी, भेंडी, केळीची दोन खुंटं आणि कठड्यावर पडवळ. पाचोळ्याचं खत घरीच करते, तरी पानं खालून पिवळी पडत वर चालली आहेत. नर्सरीवाला म्हणतो, नत्र कमी पडतंय, युरिया टाका. मला तो नको वाटतो.

सासरे कणकवलीकडचे. ते म्हणाले, "आमच्या माडांना सोनखत, म्हणजे मैल्याचं खत, असायचं. तू निदान लघवी तरी घालून बघ." तेव्हापासून डोक्यात घोळतंय. पाणी किती मिसळायचं? वास येईल का, कारण खाली लोक राहतात. सासूबाईंना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांची चालेल का? आणि संडासातल्या मैल्याचं खत मुंबईत घरच्या घरी करता येतं का?

शुभदा_बोरिवली:

अगं मृण्मयी, जरूर घाल. पण लघवी आणि मैला ही दोन अगदी वेगळी प्रकरणं आहेत, त्यांची गाठ कधीच पडू द्यायची नाही. माझी अख्खी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली, दोन्हीचे नमुने रोज हाताखालून जायचे, म्हणून एवढ्या ठामपणे सांगते.

आधी लघवी. आपण जे नत्र खातो त्यातलं बहुतेक लघवीवाटे बाहेर पडतं. आपल्या जेवणाच्या मानाने एका माणसाचं वर्षाचं साधारण २ ते २.५ किलो नत्र होतं, म्हणजे जवळजवळ ५ किलो युरियाइतकं. मुंबईत हे सगळं मैलापाण्याबरोबर जातं. वरळी आणि वांद्र्याच्या नळांतून तर ते तीन किलोमीटरहून आत समुद्रात सोडलं जातं. आणि आपण गच्चीवर बसून खताची पिशवी विकत आणतो. याचं मला फार वाईट वाटतं.

आता कृती. ताजी लघवी एका भागाला दहा भाग पाणी. कुंडीत मातीच थोडी, त्यामुळे जास्त कडक करू नकोस. आठवड्याला एकदा पुरे. खोडापासून चार बोटं लांब चर काढून मातीत ओतायची, वर माती ओढायची आणि साधं पाणी द्यायचं. पानांवर शिंपडायची नाही. संध्याकाळी केलंस आणि माती लगेच झाकलीस तर खालच्या मजल्यावर कुणाला पत्ताही लागणार नाही. वास येतो तो अमोनियाचा, म्हणजे तुझं नत्रच हवेत उडत असतं.

साठवायची असेल तर गच्च झाकणाचा कॅन घे. काही दिवसांनी लघवी चांगलीच अल्कधर्मी होते आणि त्यात बहुतेक जंतू हळूहळू मरतात. तळाशी पांढुरका, बोटाला रवाळ लागणारा थर बसतो. तो खराब झाल्याचं लक्षण समजून फेकू नकोस, त्यात स्फुरद (फॉस्फरस) आहे. कॅन हलवून मगच ओतायचा.

केळी, अळू, वांगी खूश होतील. मिरचीला फुलं लागली की हात आखडता घे, नाहीतर नुसता पाला माजतो आणि मावा पडतो. कोथिंबीर, पुदिना, म्हणजे जे कच्चं खातो, त्याला घालूच नये. बाकी भाज्यांना तोडणीच्या महिनाभर आधी बंद. मातीवर पांढरी पापडी दिसली तर क्षार साठलेत, तिथे काही आठवडे नुसतं पाणी. पावसाळ्यात थांब, सगळं वाहून जातं.

सासूबाईंची नको. मधुमेहात लघवीत साखर उतरली तर मुंग्या लागतात. शिवाय त्या मेटफॉर्मिन घेत असतील तर ती शरीरात मोडत नाही, जशीच्या तशी लघवीतून बाहेर पडते. घरात कुणाला टायफॉइड झाला असेल, लघवीचा संसर्ग असेल किंवा अँटिबायोटिक चालू असेल तर त्यांचीही घ्यायची नाही.

आता मैला. जंताचं अंडं भिंगाखाली मी किती वेळा पाहिलं असेल, मोजदाद नाही. पिवळट तपकिरी, गोलसर, आणि भोवती खडबडीत जाड कवच. हे कवच त्याला मातीत महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं जिवंत ठेवतं. ते मारायला एकतर खताचा ढीग आतपर्यंत ५० अंशांच्या वर आठवडाभर तरी तापायला हवा, नाहीतर मैला कोरडा, झाकून, वर्ष-दीड वर्ष निजवायला हवा. गच्चीवरच्या डब्यात यातलं काहीच खात्रीने होत नाही. फ्लॅटमध्ये याच्या वाटेला जाऊ नकोस.

सेक्रेटरी_दहिसर:

गच्ची सामायिक असते. काहीही करायच्या आधी सोसायटीच्या सभेत सांगा. नंतर तक्रार आली की बागच बंद होते, आमच्याकडे झाली.

शुभदा_बोरिवली:

बरोबर आहे तुमचं. मृण्मयी, आधी विचार गं.

गोराईचा_बाबू:

शुभदाताई, आमचं गावठाणातलं घर. मागे वाडी आहे, विहीर आहे. सेप्टिक टँक उपसायला टँकर बोलवावा लागतो आणि गल्लीत तो शिरत नाही. दोन खड्ड्यांचा संडास बांधला तर खत मिळेल का? पावसात विहिरीचं पाणी हाताला लागतं.

शुभदा_बोरिवली:

बाबूदादा, पाणी एवढं वर येत असेल तर जमिनीतले खड्डे नकोत, मैल्याचं पाणी विहिरीत उतरेल. दोन खड्ड्यांची पद्धत चांगलीच आहे. एक भरला की दुसरा वापरायचा, पहिला बंद ठेवायचा. पण त्याला खाली कोरडी जमीन लागते. तुमच्यासारख्या जागी जमिनीच्या वर दोन बंद कप्पे बांधतात, लघवी आणि धुण्याचं पाणी वेगवेगळं बाहेर काढतात आणि मैल्यावर दर वेळी राख टाकतात. केरळच्या किनाऱ्यावर असे बांधलेले आहेत. एक कप्पा भरला की बंद करून ठेवायचा. आपली हवा दमट, म्हणून मी तरी दोन वर्षं सांगेन. मग ते खत माडाला, आंब्याला घाला, भाजीला नको. मैल्याच्या कप्प्यात पाणी गेलं की सगळा खेळ बिघडतो, त्यामुळे घरातल्या प्रत्येकाला वापर नीट शिकवावा लागेल, पाहुण्यांनाही.

वाडीवरचा_माणूस:

मूळ कणकवलीचा, आता विक्रोळीत. कणकवलीला गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांचा गोपुरी आश्रम आहे, १९४८ पासूनचा. मैल्याचं खत करणारा त्यांचा 'गोपुरी संडास' जुन्या लोकांना अजून आठवतो. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्या म्हणून त्यांनी उपोषण केलं होतं, कारण सवर्ण कैद्यांना ते काम देत नसत. त्यांना पाठिंबा म्हणून गांधीजींनीही येरवड्यात अन्न सोडलं होतं. देहूला डॉ. मापुसकरांनी संडासाला बायोगॅस जोडून दाखवला. २०१७ ला त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. बाबू, तुझ्याकडे जागा असेल तर तेही बघ.

शुभदा_बोरिवली:

अप्पासाहेबांची आठवण काढलीत, फार बरं केलंत. बाबूदादा, म्हणूनच एक अट घालते. कप्पा उघडायची वेळ येईल तेव्हा फावडं तुम्ही धरायचं. चार पैसे देऊन दुसऱ्या कुणाला आत उतरवायचं असेल तर बांधूच नका. हाताने मैला उपसायला लावणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि ते काम अजूनही कुठल्या जातींच्या माणसांच्या वाट्याला येतं हे आपल्याला ठाऊक आहे. नीट निजवलेलं खत काळं, भुसभुशीत असतं, पावसाळी मातीचा वास येतो. ते काढायला कुणालाच कमीपणा वाटू नये. ओलं किंवा वासाचं दिसलं तर झाकण लावा आणि अजून सहा महिने थांबा.

मृण्मयी_मुलुंड:

खूप आभार मावशी. रविवारी सभा आहे, विषय मांडते. होकार आला तर केळीपासून सुरू करीन, माझी आणि यांचीच घेऊन. एक राहिलं: कढीपत्त्याला चालेल का? त्याची पानं वर्षभर तोडत असते.

शुभदा_बोरिवली:

पानं फोडणीत जात असली तरी रोज तोडतेस, म्हणजे महिन्याची सुट्टी जमणार नाही. त्याला नको. लघवी पाचोळ्याच्या ढिगावर ओत, सुक्या पानांना नत्र मिळालं की ती लवकर कुजतात. ते खत पूर्ण मुरलं की कढीपत्त्याला घाल.