शब्दचर्चा : धरणग्रस्त, प्रकल्पग्रस्त, विस्थापित

हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतील का, असा प्रश्न आहे. माझ्या मते येणार नाहीत, कारण कोणाला कोणता शब्द लागतो यावर माणसाचा हक्क ठरत आला आहे.

‘ग्रस्त’ म्हणजे ग्रासलेला. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त या रांगेत ‘धरणग्रस्त’ बसवला की धरणही दैवी आपत्ती वाटू लागते, ही हरकत रास्त आहे. भूकंप कोणी ठरवून आणत नाही, धरणाची जागा आणि उंची मात्र ठरवली जाते. तरीही हा शब्द टाकू नये. सातारा-सांगलीकडच्या चळवळीने तो आपल्या संघटनांच्या नावात घेतला, ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही मागणी त्याच नावाने लढवली, आणि त्यातली दया जाऊन दावा आला. ‘प्रकल्पग्रस्त’ हा दाखल्यावरचा शब्द. शासकीय नोकरीतले ५ टक्के समांतर आरक्षण (प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या जागांतूनच राखले जाणारे) त्याच दाखल्यावर मिळते. ‘प्रकल्पबाधित’ म्हटले की बुडाले काय, हेच कळेनासे होते. याउलट, १९२१ साली मुळशीत सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे, म्हणजे तिथले शेतकरी, टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले, तेव्हाची ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा किती नेमकी होती!

‘विस्थापित’ हा गाव सुटलेल्यापुरताच शब्द आहे. शेत बुडितात गेले (‘बुडीत’ हे इथे नाम आहे), घर मात्र वर टापूवर (पाण्याने वेढलेल्या उंचवट्यावर) राहिले, तर तो माणूस विस्थापित नव्हे, धरणग्रस्त नक्कीच आहे. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणामुळे महाराष्ट्रात मणिबेलीसह अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली. ज्या कुटुंबाची २५ टक्क्यांहून अधिक जमीन जाईल त्याला किमान २ हेक्टर जमीन द्यावी, असे नर्मदा लवादाने (नर्मदेच्या पाण्यावरचा राज्यांचा तंटा सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाने) १९७९ साली ठरवून दिले. पण पिढ्यान्‌पिढ्या कसलेले शेत कागदावर नसेल, तर आदिवासी कुटुंबाला आपण धरणग्रस्त आहोत हेच आधी सिद्ध करावे लागे. ‘घोषित’ (सरकारी यादीत धरलेले) आणि ‘अघोषित’ (यादीबाहेर राहिलेले) ही विशेषणे तिथे रुळली ती यामुळेच, आणि ती मला सर्वांत अन्यायकारक वाटतात, कारण पाणी चढताना यादी पाहत नाही.

म्हणून ‘धरणग्रस्तांची संख्या’ असे लिहिण्यापूर्वी त्यात अघोषित आणि टापूवरची कुटुंबे धरली आहेत का, हे पाहावे. धरली नसतील तर ‘घोषित कुटुंबे’ असेच लिहावे.