मदत हवी आहे: 'दो आँखें बारह हाथ' तरुणांना कसा दाखवायचा?

मंडळी, फोंड्याला आमच्या वाचनालयात गेल्या महिन्यात व्ही. शांताराम यांचा हा सिनेमा (सहा खुनी कैद्यांना मोकळं ठेवून, शेती करायला लावून सुधारणाऱ्या जेलरची गोष्ट) दाखवला, आणि काय सांगू, अर्धा हॉल डोळे पुसत होता आणि मागच्या रांगेतली कॉलेजची पोरं हसत होती. शेवटी आभाळात जेलरचे डोळे दिसतात ना, तिथे तर फिसफिस चाललीच होती. संध्याबाईंच्या खेळणीवालीवर पण कमेंट्स. एक आजोबा जाम भडकले, म्हणाले बैलाच्या सीनमध्ये जेलर झालेल्या शांताराम बापूंच्या डोळ्याला खरोखर इजा झालेली, तुम्हाला कसली मस्करी सुचते. पण मला पोरांचा राग नाही आला, सिनेमा 1957 चा, अभिनय नाटकी वाटणारच.

गंमत म्हणजे त्यातलाच एक पोरगा नंतर विचारायला आला की असे कैदी मोकळे सोडले तर ते पळणार नाहीत का, आपल्या गोव्यातल्या कोलवाळच्या जेलात चालेल का हे. मी त्याला औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचं सांगितलं, सिनेमाची गदिमांची कथा त्यावरूनच सुचलेली, तर तो थक्कच.

आता परत शो ठेवतोय, फक्त तरुणांसाठी. तर विचारायचं होतं, स्वतंत्रपूरची गोष्ट आधी सांगू की नंतर? आधी सांगितली तर लेक्चर वाटेल अशी भीती वाटते. आणि चांगली प्रिंट कुठे मिळेल, आमच्याकडची 'ऐ मालिक' गाण्यालाच खरखरते. आटपाडीकडचं कोणी असेल, स्वतंत्रपूर बघितलेलं, तर प्लीज फोटो टाका.