पाय बुडतात, पण किक वाढवू नका

पणजीतल्या कांपालच्या जलतरण तलावात इतक्या वर्षांनी उतरल्यावर फ्रीस्टाइलला पाय खाली जातात, असं तुम्ही लिहिलंय, आणि वरच्या उत्तरांत दोघांनी जोरात किक मारायला सांगितलंय. मला ते पटत नाही. दम लगेच लागतो आणि मूळ दोष तसाच राहतो. फुप्फुसांत हवा असल्याने छाती तरंगते, पाय जड. त्यात डोकं उचललं की कंबर आणखी खाली जाते.

म्हणून आधी नजर सुधारा. समोरची भिंत नको, तळाची काळी रेघ बघा. मानेमागे घडी पडली तर डोकं अजून वर आहे. मग भिंतीला पाय लावून ढकला, हात पुढे एकावर एक, दंड कानांना टेकलेले, आणि किक न मारता घसरत जा. असं ५-६ वेळा. पाय बुडू लागले की छाती किंचित खाली दाबा, कंबर वर येते ते लगेच कळतं.

श्वास पाण्यात सतत सोडत राहा. घेताना एक गॉगल पाण्यातच हवा. दोन्ही बाहेर आले म्हणजे डोकं उचललं गेलं. फळी धरून किकचा सराव सध्या टाळा, त्यात मान वर राहते. पुल बॉय, म्हणजे तरंगणारा फोमचा ठोकळा, पायांत धरून एखादी लांबी पोहा, पण लगेच काढा, कारण तो दोष झाकतो.

मिरामारच्या समुद्रात पाय वर राहतात म्हणून फसू नका. खारं पाणी जास्त उचलतं, म्हणून तपासणी तलावातच करा.