दाबघट, दाबहानी की दाबपात?

प्रश्न : प्लेट हीट एक्स्चेंजरमधल्या (पन्हळी असलेल्या पातळ प्लेटांमधून उष्णता एका प्रवाहातून दुसऱ्यात देणारं यंत्र) रेफ्रिजरंटच्या (फ्रिज-एसीत फिरून उष्णता वाहून नेणारा पदार्थ) प्रवाहावरचा एक मजकूर मराठीत आणतोय. त्यात ‘प्रेशर ड्रॉप’ आणि ‘प्रेशर लॉस’ शेजारीशेजारी येतात. दोन्हींना ‘दाबपात’ लावलं तर चालेल का? आणि रेफ्रिजरंट म्हणजे शीतक की प्रशीतक?

प्रतिसाद : प्रशीतक. शीतक हा शब्द इंजिनातल्या कूलंटसाठी राहू द्या.

‘पात’ मात्र नको. हिमपात, अधःपात म्हटलं की एकदम कोसळणं डोळ्यांपुढे येतं. एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये दाब मुद्दाम एका अरुंद वाटेतून पाडतात, तिथे तो शब्द शोभला असता. प्लेटांच्या पन्हळींमधून जाताना दाब वाटभर झिजत जातो. तिथे ‘घट’ आणि ‘हानी’ ही जोडी घ्या, पण समानार्थी म्हणून नव्हे.

घट म्हणजे आत शिरताना आणि बाहेर पडताना मोजलेल्या दाबांतला फरक. हानी म्हणजे घर्षणापायी गेलेला, परत न मिळणारा दाब. सरळ आडव्या नळीतून पाणी जात असेल तर दोन्ही आकडे एकच येतात, म्हणून हा भेद कुणाला जाणवत नाही. प्रशीतकाचं तसं नाही, कारण ते वाटेत रूप बदलतं. बाष्पकात, म्हणजे प्रशीतक उकळून वाफ होतं त्या एक्स्चेंजरमध्ये, द्रव आणि वाफ यांचं मिश्रण सहसा खालून शिरतं. वर जाताना वाफेचा वाटा वाढतो, घनता उतरते आणि तेवढाच माल त्याच फटीतून जायचा म्हणून वेग वाढतो. या वेगवाढीला दाब खर्ची पडतो, वर चढायलाही थोडा लागतो. म्हणजे इथे घट ही हानीपेक्षा मोठी. संघनकात वाफ वरून येते आणि द्रव होत खाली उतरते. वेग मंदावतो, त्यामुळे थोडा दाब परत मिळतो, उताराचीही मदत होते. तिथे हानी मोजलेल्या घटीपेक्षा जास्त असते! एकच शब्द वापरलात तर हे शेवटचं वाक्य लिहायचं कसं?

प्रश्नकर्ता : पटलं. पण मजकुरातल्या एका तक्त्यात प्रेशर ड्रॉप चक्क अंशांत दिलाय. छपाईची चूक धरू का?

दुसरा प्रतिसाद : अजिबात नको, मुद्दाम तसं देतात. प्रशीतक उकळत असताना दाब उतरला की उकळण्याचं तापमानही उतरतं. आर-१३४ए हे प्रशीतक घ्या. ० अंश सेल्सिअसला त्याचा संपृक्त दाब, म्हणजे त्या तापमानाला उकळतानाचा दाब, सुमारे २.९ बार. तिथे ०.१ बार गेला की तापमान जवळजवळ १ अंशाने खाली येतं. ४० अंशांना दाब सुमारे १०.२ बार असतो, तिथे तेवढीच घट ०.४ अंशाच्या आसपास पडते. म्हणून दाबघटीची चिंता संघनकापेक्षा बाष्पकात जास्त. तक्त्याच्या मथळ्यात ‘दाबघटीमुळे संपृक्त तापमानातील उतार’ असं लिहा. लांबलचक आहे, पण वाचणारा फसणार नाही. बोलताना आम्ही सगळे ‘ड्रॉप किती येतोय?’ असंच म्हणतो, ते वेगळं.

आणखी एक. प्लेटवरच्या तिरप्या पन्हळीचा कोन भाषांतरात जपून घ्या. काही जण तो प्रवाहाच्या दिशेपासून मोजतात, काही आडव्या रेषेपासून. एकाचे ६० अंश ते दुसऱ्याचे ३०, प्लेट तीच. प्रवाहापासून मोजलेला कोन जितका मोठा तितकी उष्णता चांगली जाते आणि हानीही वाढते. नुसतं ‘पन्हळीचा कोन’ लिहून सोडलंत तर वाचणारा नेमका उलटा अर्थ घेईल.

प्रश्नकर्ता : आणि पोर्टमध्ये, म्हणजे आत-बाहेर जायच्या तोंडांत, जातो तो दाब?

पहिला प्रतिसाद : तोही हानीतच. ‘पोर्टमधील हानी’ म्हणा. ‘मुखहानी’ वगैरे घडवू नका, दातांच्या दवाखान्यातला शब्द वाटतो.