कार्बन बीमचे तुकडे मोजताना लिथियम जास्त का दिसतो?

अणुरेणू:
कार्बन आयनांचा बीम (कॅन्सरच्या उपचारात वापरतात तसा) २०० एमईव्ही (ऊर्जेचं एकक) प्रति न्यूक्लिऑन (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन), पुढे पाण्याचा फँटम (शरीराच्या जागी ठेवलेलं पाणी). फँटमआधी वेळ सुरू करणारा पातळ स्टार्ट सिंटिलेटर (कण गेला की चमकणारा पदार्थ). ३ मीटरवर ९ मिमी जाड प्लॅस्टिक सिंटिलेटर आणि त्यामागे बेरियम फ्लोराइडचा स्फटिक. ऊर्जाघट (प्लॅस्टिकमध्ये कणाने गमावलेली ऊर्जा) आणि उड्डाणवेळेच्या आलेखात हायड्रोजन, हेलियम, बोरॉन सुटे दिसतात. लिथियमचा पट्टा मात्र फुगलेला, सिम्युलेशनपेक्षा बराच जाड, तोही शून्य अंशाजवळच. कॅलिब्रेशन गंडलंय का?

तुकडेमोड:
कॅलिब्रेशन गंडलं असतं तर सगळेच पट्टे सरकले असते. या बहुतेक अल्फांच्या (हेलियमच्या अणुकेंद्रांच्या) जोड्या आहेत. कार्बन फुटून बेरिलियम-८ निघतं आणि लगेच दोन अल्फांत फुटतं. त्यात जेमतेम ९२ केईव्ही (एमईव्हीचा हजारावा भाग म्हणजे एक केईव्ही) सुटतात, त्यामुळे जोडी फाकतच नाही: ३ मीटरवर फार तर ४-५ सेंमी. तुमचा स्फटिक त्याहून रुंद असेल तर दोन्ही एकदम आत.

सारख्या वेगाला ऊर्जाघट आवेशाच्या वर्गाप्रमाणे: हेलियम ४, लिथियम ९, दोन अल्फा मिळून ८. वर प्लॅस्टिकमधलं क्वेंचिंग (दाट ऊर्जाघटाला प्रकाश त्या प्रमाणात न वाढणं) लिथियमचा प्रकाश खाली ओढतं, म्हणजे उरलीसुरली फटही बुजते.

पडताळा सोपा आहे. कण बेरियम फ्लोराइडमध्ये पूर्ण थांबत असतील तर तिथली ऊर्जा बघा. त्याच वेगाला जोडीकडे ८ न्यूक्लिऑनची ऊर्जा असते, लिथियमकडे ६ किंवा ७ ची. तरीही सुटं होत नसेल तर ९ मिमीच्या एका तुकड्याऐवजी अरुंद पट्ट्या लावा.

स्पिल:
वरचं बरोबर, पण आधी बीमची तीव्रता उतरवा. उपचाराच्या तीव्रतेला पाइल-अप होऊन (एका कणाच्या सिग्नलवर दुसऱ्याचा चढून) असेच खोटे पट्टे उठतात. सेकंदाला काही हजार आयन पुरे. फँटम काढूनही एक रन घ्या, कारण स्टार्ट सिंटिलेटर आणि हवा यांतही कार्बन फुटतो.

नुसत्या उड्डाणवेळेवरून समस्थानिक ओळखायला जाऊ नका. २०० एमईव्हीला ३ मीटर पार व्हायला १७.६ नॅनोसेकंद लागतात, ०.२ ची चूक म्हणजे ऊर्जेत ३ टक्के.

अणुरेणू:
पट्ट्या लावतो. न्यूट्रॉन डोससाठी साधा रेम काउंटर चालेल?

स्पिल:
समोरच्या दिशेला नाही. तिथे न्यूट्रॉन २०० एमईव्हीच्याही वर जातात, आणि साधा पॉलिथिनवाला काउंटर १०-२० च्या पुढे कमीच दाखवतो. टंगस्टनचा थर असलेला वेंडी-२ काउंटर घ्या. भिंतींवरून परतणारे वजा करायचे तर फँटम आणि काउंटर यांच्यामध्ये लोखंडी शॅडो बार (थेट न्यूट्रॉन अडवणारा ठोकळा) ठेवून दुसरं मोजमाप करा. बार आखूड असेल तर थेट न्यूट्रॉन गळतात आणि वजाबाकी जास्त होते. मीटरभर लांबी ठेवा.