मदत हवी आहे : बारावीला गणित नव्हते, अमेरिकेत प्री-फार्मसीसाठी गणिताचा पहिला वर्ग कोणता घ्यावा?

नमस्कार. माझी पुतणी नाशिकला जीवशास्त्र घेऊन बारावी झाली आणि आता आईवडिलांबरोबर न्यू जर्सीला आली आहे. सप्टेंबरपासून ती येथील कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयात) प्री-फार्मसीचे, म्हणजे फार्मसीच्या प्रवेशाआधी लागणारे, विषय घेणार असून दोन वर्षांनी फार्म.डी. या फार्मसीच्या चार वर्षांच्या पदवीसाठी अर्ज करण्याचा तिचा विचार आहे. अकरावीला गणित सोडल्यामुळे तिचे गणित दहावीपाशी थांबले आहे. भारतात बी.फार्म.ला गेली असती, तर पहिल्या सत्रातल्या रेमेडियल मॅथेमॅटिक्सवर भागले असते. येथे मात्र तिच्या मनातल्या सर्व फार्मसी महाविद्यालयांना एक सत्र कॅल्क्युलस (कलनशास्त्र) आणि एक सत्र संख्याशास्त्र हवे आहे.

गणिताचा कोणता वर्ग मिळेल हे ठरवणाऱ्या ॲलेक्स या चाचणीत तिला 100 पैकी 48 गुण मिळाले आणि त्यावरून तिला कॉलेज अल्जेब्राचा वर्ग मिळतो. दादांचे म्हणणे असे, की चाचणी पुन्हा देऊन थेट कॅल्क्युलस घ्यावे, नाहीतर वर्ष फुकट जाईल. वहिनींना पाया कच्चा राहण्याची धास्ती वाटते. रसायनशास्त्रात ती चांगली आहे. लॉग टेबल पाहून पीएच बिनचूक काढते, परंतु लॉगचे समीकरण स्वतः मांडायला सांगितले की अडते. अशा मुलीने सुरुवात कोठून करावी?

प्रतिसाद : ताई, मी अमेरिकेतल्याच एका कम्युनिटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. वर्ष फुकट जाण्याची दादांची भीती अगदीच निराधार नाही, मात्र ते वर्ष कॅल्क्युलसपायी जात नाही, रसायनशास्त्रापायी जाते. जनरल केमिस्ट्रीची दोन सत्रे आणि त्यानंतर ऑर्गॅनिक केमिस्ट्रीची दोन, अशी ही चार सत्रांची साखळी एकापाठोपाठ एकच घ्यावी लागते, आणि तिच्या पहिल्या कडीसाठी बऱ्याच ठिकाणी कॉलेज अल्जेब्रा पूर्ण झालेले किंवा निदान त्याच सत्रात घेतलेले असावे लागते. म्हणून सल्लागारांना पहिला प्रश्न हा विचारा, की सप्टेंबरमध्ये अल्जेब्रा आणि जनरल केमिस्ट्री बरोबर घेता येईल का. उत्तर होकारार्थी असेल, तर अल्जेब्रापासून सुरुवात करण्यात काहीही तोटा नाही. पहिल्या सत्रात अल्जेब्रा, दुसऱ्यात प्रीकॅल्क्युलस (कॅल्क्युलसची पूर्वतयारी), तिसऱ्यात कॅल्क्युलस आणि चौथ्यात संख्याशास्त्र, असे दोन वर्षांत सारे बसते. नकार आला, तर मात्र उन्हाळी सत्रातच अल्जेब्रा उरकून घ्यावे.

थेट कॅल्क्युलसचा आग्रह मी धरणार नाही. फार्मसीचे अर्ज ज्या फार्मकॅस प्रणालीतून जातात, तेथे विषय पुन्हा घेतला तरी पहिल्या वेळची श्रेणीही सरासरीत धरली जाते. विषय पुन्हा घेतल्याने कॉलेजच्या गुणपत्रिकेवर झाकलेली डी ही खालची श्रेणी तेथे उघडी पडते, आणि पीकॅट ही प्रवेशपरीक्षा 2024 मध्ये बंद झाल्यापासून श्रेणींकडे अधिकच बारकाईने पाहिले जाते, असे मला वाटते.

ॲलेक्स मात्र पुन्हा अवश्य द्यावी. चाचणीबरोबर मिळणाऱ्या सराव विभागात तिने लॉग, घातांक आणि फलन हे तीन भाग मनापासून करावेत. गुण वाढून थेट प्रीकॅल्क्युलस मिळाले तर एक सत्र मोकळे होईल. घरी एक गणित घालून पाहा : औषधाचे रक्तातील प्रमाण 80 मिलिग्रॅम आहे आणि ते दर 6 तासांनी निम्मे होते, तर 15 मिलिग्रॅम केव्हा उरेल? 20 आणि 10 केव्हा, हे ती तोंडी सांगेल. मधल्या 15 साठी समीकरण मांडून साडेचौदा तासांच्या आसपास पोहोचली, तर तिला प्रीकॅल्क्युलस झेपेल. पुढे औषधाची मात्रा ठरवायला हेच गणित लागते. त्रिकोणमितीशी फार्मासिस्टचा फारसा संबंध येत नाही.

आणखी एक. जीवशास्त्राच्या किंवा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांसाठी असलेले सोपे कॅल्क्युलस काही फार्मसी महाविद्यालये मान्य करतात, काही करत नाहीत. नाव नोंदवण्याआधी प्रत्येक महाविद्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्यावे.

धागाकर्ती : मनःपूर्वक आभार. तिने 80 आणि 15 चा भागाकार केला, लॉग टेबल उघडले आणि तेथेच थांबली. 2 च्या लॉगने भागायचे हे तिला सुचले नाही. त्यामुळे अल्जेब्रा नक्की केले आहे. केमिस्ट्री त्याच सत्रात घेता येते का, हे सोमवारी सल्लागारांना विचारून येथे कळवते. दरम्यान, चारही सत्रांत गणित आणि रसायनशास्त्र एकत्र घेतलेल्या कोणी येथे असल्यास, आठवड्याला अभ्यासाचे किती तास लागले ते कृपया लिहावे.