इन्कॉग्निटोने डाउनलोड पुसलं जात नाही

सायबर कॅफेत ब्राउझरची इन्कॉग्निटो (म्हणजे खासगी) विंडो उघडली की काळजी मिटली, असं बरेच जण म्हणतात. अर्धंच बरोबर आहे. विंडो बंद केली की हिस्ट्री आणि कुकीज जातात, पण उतरवलेली फाइल त्या कॉम्प्युटरवर तशीच राहते. आणि कीलॉगर नावाचा छुपा प्रोग्रॅम बसवलेला असेल तर तुम्ही टाइप केलेलं सगळं तो टिपतोच, विंडो कुठलीही असो.

गेल्या वर्षी पंढरपुरात एसटी स्टँडजवळच्या दुकानात तिकिटाची प्रिंट काढायला गेलो होतो. डाउनलोड्सचं फोल्डर उघडंच होतं: कोणाकोणाची आधार कार्डं, पासबुकाची पानं, एका मुलीचं हॉल तिकीट. माझ्या आधी येऊन गेलेल्या यात्रेकरूंची ही कागदपत्रं, बघून खरंच वाईट वाटलं. ई-आधारला, म्हणजे आधारच्या डाउनलोड केलेल्या पीडीएफला, पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, एवढाच तो असतो, आणि बरेच जण प्रिंटसाठी दुकानदाराला तो मोठ्याने सांगतात. २०२२ मध्ये यूआयडीएआयनेच, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेनेच, सांगितलं होतं की कॅफेत ई-आधार उतरवू नका, उतरवलंच तर सगळ्या प्रती कायमच्या डिलीट करा. म्हणजे शिफ्ट दाबून डिलीट, नुसतं रिसायकल बिनमध्ये टाकून उपयोग नाही.

प्रिंटसाठी तिथे व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल तर निघण्याआधी फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये जाऊन ते लॉगआउट करा. नुसता टॅब बंद केला तर लॉगिन चालूच राहतं. रेल्वेच्या ई-तिकिटाला तर प्रिंट लागतच नाही, एसएमएस आणि मूळ ओळखपत्र पुरतं.